पुसलेल्या फाइलची जागा परत कधी मिळते?

डिस्कवर किती जागा शिल्लक आहे एवढेच विचारणारी ‘डीएफ’ ही लिनक्समधली अगदी निरुपद्रवी कमांड. ती काही लिहीत नाही, काही पुसत नाही. तरीही २०२२ च्या सुमारास एक्सएफएस ही फाइल सिस्टीम वापरणाऱ्या यंत्रांवर हीच कमांड अडकून पडण्याचे प्रकार पुढे आले. डिस्क हळू असेल, तर हे अडकणे तासांच्या हिशोबात जाई. कारण शोधले तेव्हा सापडली आधीच पुसलेली एक भलीमोठी फाइल. तिचे नाव यादीतून केव्हाच गेले होते. तिने व्यापलेली जागा सोडवण्याचे काम मात्र पडद्यामागे अजून चालू होते, आणि डीएफ ते संपण्याची वाट बघत बसली होती.

जागा सोडवण्याचे काम मागे ढकलायचे ही कल्पना नवी नाही. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जवळपास प्रत्येक नावाजलेल्या फाइल सिस्टीमने ती कधी ना कधी स्वीकारली, आणि स्वीकारल्यानंतर प्रत्येकीला ती दुरुस्त करावी लागली. या दुरुस्त्यांचा इतिहास एकत्र पाहिला तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. काम मागे ढकलायला फार अक्कल लागत नाही. ते अपुरे असताना जगाला कोणता आकडा सांगायचा आणि साचलेल्या कामाचा भार शेवटी कोणावर टाकायचा, या दोन प्रश्नांनी मात्र भल्याभल्या अभियंत्यांचा घाम काढला आहे.

आधी पुसणे म्हणजे काय ते पाहू. युनिक्सच्या घराण्यात फाइलचे नाव एका ठिकाणी असते आणि तिची खरी नोंद (मालक कोण, आकार किती, ब्लॉक कुठे कुठे पसरले आहेत) इनोड नावाच्या दुसऱ्या ठिकाणी. फाइल पुसणारी ‘आरएम’ कमांड फक्त नाव काढते. त्या इनोडचे एकही नाव उरले नाही, आणि ती फाइल उघडून बसलेली एकही प्रोसेस उरली नाही, की मग ब्लॉक मोकळे करायला घ्यायचे. खरेदीखत नोंदवून झाले तरी फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर नाव चढेपर्यंत मध्ये काही काळ जातो; तसाच हा मधला काळ. सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रत्येकाला तो एकदा तरी भेटतो. फुगलेली लॉग फाइल पुसली, यादीतल्या फाइलींची बेरीज करणारी ‘डीयू’ म्हणते जागा झाली, ‘डीएफ’ म्हणते डिस्क भरलेलीच आहे. लॉग लिहिणाऱ्या प्रोसेसने ती फाइल उघडीच ठेवलेली असते. प्रोसेस पुन्हा सुरू केली की आकडा खाली येतो.

लहान फाइलच्या बाबतीत हा काळ डोळ्याची पापणी लवण्याइतका असतो. मोठ्या फाइलचे तसे नाही. लिनक्सच्या जुन्या एक्स्ट३ मध्ये प्रत्येक ब्लॉकचा पत्ता वेगळा लिहिलेला असे. चार केबीचा एक ब्लॉक धरला, तर दहा जीबीच्या फाइलला सव्वीस लाखांहून अधिक ब्लॉक लागतात, आणि नुसते त्यांचे पत्ते साठवायलाच आणखी अडीच हजार ब्लॉक. फाइल पुसायची म्हणजे डिस्कवर विखुरलेली ही पत्त्यांची पाने एकेक करून वाचत जायचे. घरच्या कॉम्प्युटरवर टीव्ही रेकॉर्ड करणारे ‘मिथटीव्ही’ हे सॉफ्टवेअर यात पुरते सापडले. जुना कार्यक्रम पुसताना डिस्क इतकी गुंतायची की त्याच वेळी चालू असलेल्या दुसऱ्या रेकॉर्डिंगला धोका. शेवटी त्यांनी फाइल एकदम न पुसता थोडी थोडी छाटत नेण्याची सोय दिली. फाइल सिस्टीमने करायचे काम असे वापरणाऱ्या सॉफ्टवेअरच्या गळ्यात पडले. डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या कर्नलसोबत एक्स्ट४ स्थिरावली. तिने सलग ब्लॉकची पट्टी एकाच नोंदीत मांडली आणि हे दुखणे बरेचसे गेले. पुढे स्नॅपशॉट आणि रीफ्लिंक आले आणि ते दुसऱ्या वाटेने परतले. एकच ब्लॉक अनेक फाइली वाटून घेऊ लागल्यावर तो सोडण्याआधी ‘तुझा आणखी कोणी धनी आहे का’ हे विचारणे भाग पडते.

आकड्याच्या प्रश्नाशी पहिल्यांदा नीट भिडले ते बीएसडीवाले. मार्शल कर्क मक्युसिक आणि ग्रेगरी गँजर यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या ‘सॉफ्ट अपडेट्स’ या पद्धतीत डिस्कवरच्या लेखनाचा क्रम काटेकोर असतो. आधी नाव काढल्याची नोंद डिस्कवर पोचली पाहिजे, मग इनोड, आणि त्यानंतरच ब्लॉक मोकळे म्हणायचे. क्रम चुकला आणि मध्येच वीज गेली, तर एकच ब्लॉक दोन फाइलींच्या नावावर दिसेल. क्रम पाळायचा तर पुसणे आणि जागा मिळणे यांत अंतर पडणार. फ्रीबीएसडीची मुख्य विभागणी लहान असे; तिच्यावर नवी आवृत्ती चढवताना जुन्या फाइली पुसल्या जात, नव्या लिहायला घेतल्या जात, आणि जागा असूनही ‘जागा नाही’ म्हणून काम मध्येच थांबे. त्या विभागणीवर ही पद्धत वापरू नका, असा सल्ला त्यांच्या माहितीपुस्तिकेतच दिलेला होता.

यावरचा त्यांचा उपाय मला आजही नमुनेदार वाटतो. सुटण्याच्या वाटेवर असलेले ब्लॉक किती आणि इनोड किती, याचे दोन आकडे फाइल सिस्टीमच्या मुख्य नोंदीतच ठेवले, आणि डीएफला उत्तर देताना ते ब्लॉक मोकळ्या जागेत धरले. जागा खरोखर कमी पडली, तर जागा मागणाऱ्यालाच थोडे थांबवून साचलेले काम आधी उरकून घ्यायचे. सांगितलेला आकडा आणि दिलेला शब्द, दोन्ही जुळले.

झेडएफएसने वेगळा मार्ग घेतला. तिच्यातला एखादा मोठा डेटासेट नष्ट करायचा, तर त्यातला सगळा डेटा पायाखाली घालावा लागे आणि तोवर आज्ञा परत येत नसे. मध्येच यंत्र बंद पडले, तर पुढच्या वेळी सगळा पूल (डिस्कचा समूह) उघडताना ते काम पुरे होईपर्यंत ताटकळायचे. २०१२ च्या आसपास आलेल्या ‘असिंक डिस्ट्रॉय’ या सुविधेने आज्ञा लगेच परत येऊ लागली, आणि सुटायची किती जागा बाकी आहे हे सांगणारा ‘फ्रीइंग’ नावाचा स्वतंत्र आकडा पूलच्या माहितीत आला. तो मोकळ्या जागेत मिसळला नाही. प्रशासकाला दोन्ही आकडे दिसतात, आणि बेरीज कधी करायची ते तो ठरवतो. घरगुती वापरासाठी हे थोडे अवघड, पण दिशाभूल मात्र नाही.

आता एक्सएफएस. सिलिकॉन ग्राफिक्सने नव्वदच्या दशकात आपल्या यंत्रांसाठी घडवलेली ही फाइल सिस्टीम आज मोठ्या सर्व्हरवर सर्रास आढळते. मागे काम करण्याची तिला थोडी सवय आधीपासून होती. फाइल वाढत असताना ती पुढची जागा अंदाजाने राखून ठेवते, म्हणजे फाइल तुकड्यातुकड्यांत विखुरत नाही; आणि न वापरलेली राखीव जागा २०१३ पासून दर तीनशे सेकंदांनी फेरी मारून परत घेते. फाइलचा आकार आणि तिने व्यापलेली जागा यांत काही मिनिटे तफावत दिसते ती यामुळे. कोणाचे फारसे बिघडले नाही.

ऑक्टोबर २०२१ अखेर आलेल्या लिनक्स ५.१५ मध्ये मात्र मोठा बदल झाला. तोवर फाइलशी शेवटचा संबंध जी प्रोसेस तोडेल, तिच्याच वेळेत ब्लॉक सोडले जात. डॅरिक वाँग आणि डेव्ह चिनर यांनी ते काम मागच्या कामगारांकडे दिले. प्रत्येक प्रोसेसरची स्वतःची यादी, म्हणजे कुलुपासाठी रांग नको. यादीत साधारण बत्तीस इनोड जमले की कामगार उठतो. २५६ च्या पुढे गेले तर भर घालणाऱ्यालाच थोपवले जाते. साचणाऱ्या कामाला अशी हद्द घालणे ही शहाणपणाची गोष्ट होती. जागा संपली असे सांगण्याआधी याद्या रिकाम्या करून पुन्हा प्रयत्न करायचा, हेही त्यांनी केले. आणि आकडा? त्याचाही विचार होता. डीएफने विचारले की सगळ्या याद्या पूर्ण संपेपर्यंत थांबायचे आणि मग खरे ते सांगायचे.

फसले ते इथे. रीफ्लिंकने शेकडो ठिकाणी वाटली गेलेली फाइल, हळू डिस्क, भरलेले जर्नल. अशा यंत्रावर एकच इनोड सोडवायला तास लागू शकतात. डीएफ जो सिस्टीम कॉल वापरते, तोच कितीतरी नेहमीची साधने सहज जाता जाता वापरतात. ती सगळी त्या एका फाइलमागे अडकली. खरे बोलण्याच्या हट्टापायी सगळे यंत्र मुके झाले. जुलै २०२२ अखेरच्या ५.१९ मध्ये चिनरने हे बदलले. आता डीएफ कामगारांना फक्त टोचते आणि या क्षणी असलेला आकडा घेऊन परत येते. त्याच वेळी उलट टोकाचा दोषही निघाला. यादीत बत्तीसपेक्षा कमी इनोड असतील आणि नवे येत नसतील, तर ते कितीही वेळ तसेच पडून राहत. कोणी हलवायलाच नाही. त्यासाठी यादीत काही पडले की क्षणभराने कामगार उठलाच पाहिजे असे बंधन घातले. चालू यंत्रात प्रोसेसर बंद झाला तर त्याच्या यादीतल्या इनोडचे काय, हा धागा २०२३ पर्यंत पुरला. अखेर कोणाच्या यादीत काही आहे याची खूण प्रत्येक माउंटमागे स्वतंत्र ठेवली, तेव्हा तो सुटला.

बीएसडीसारखा ‘सुटण्याच्या वाटेवर’चा आकडा एक्सएफएसने का सांगितला नाही, असे कोणी विचारील. वाटून घेतलेल्या ब्लॉकचे गणित आड येते. फाइल शंभर जीबीची असली तरी ती पुसून किती जागा सुटेल हे तिचा प्रत्येक तुकडा तपासल्याशिवाय कळत नाही, आणि तो तपास हेच तर मागे ढकललेले काम आहे. म्हणून मला ५.१९ चा निर्णय बरोबर वाटतो. थोडा जुना आकडा चालेल. उत्तरच न येणे चालणार नाही.

इथवर गोष्ट पुसलेल्या जागेची झाली. मागे ढकललेल्या कामाची दुसरी जात याहून अवघड आहे. तिथे जागा सुटलेली असते, पण चाळणीच्या भोकांसारखी विखुरलेली, आणि वापरायची तर जिवंत डेटा उचलून दुसरीकडे नीट रचावा लागतो. बर्कलीत मेंडेल रोझेनब्लम आणि जॉन औस्टरहाउट यांनी १९९१ मध्ये ‘स्प्राइट एलएफएस’ मांडली, तेव्हा हा प्रश्न प्रथम स्वच्छ गणितात आला. त्यांची फाइल सिस्टीम सगळे काही वहीच्या शेवटी लिहीत जाते. जुन्या पानांवरचे बरेचसे बाद झाले की ‘क्लीनर’ ती पाने वाचतो, उरलेले कामाचे पुढे लिहितो आणि पाने कोरी करतो. पान निम्मे जिवंत असेल, तर एक भाग नवा डेटा लिहिण्यासाठी एकूण चार भाग वाचन-लेखन होते. ऐंशी टक्के जिवंत असेल तर दहा भाग. भरलेली डिस्क हळू का होते, याचे एवढे थेट उत्तर क्वचित मिळते.

सर्वांत रिकामे पान आधी घ्यावे, हे कोणालाही सुचेल. ते पुरेसे नाही, हे त्यांनी दाखवले. सतत बदलणाऱ्या डेटाचे पान आज निम्मे बाद आहे, उद्या आपोआप पाऊण बाद होईल. तिथे घाई करण्यात तोटा. ज्याला कोणी हात लावत नाही, ते पान पाऊण भरलेले असले तरी साफ करावे, कारण मिळालेली जागा दीर्घकाळ हाती राहते. वयाचा विचार करणारा हा नियम आज तीस वर्षांनीही वापरात आहे.

त्याच दशकात मार्गो सेल्ट्झर आणि सहकाऱ्यांनी बीएसडीवर अशीच रचना उभारून मोजमाप केले. व्यवहारांचा अखंड ओघ असलेल्या कामात क्लीनरचा भार जड पडतो, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. औस्टरहाउट यांना तो मान्य नव्हता, आणि वाद चांगलाच रंगला. मोजमापांच्या तपशिलात कोण बरोबर होते ते बाजूला ठेवू. यंत्राला मोकळा वेळ असेल तरच ‘मागे करू’ या म्हणण्याला अर्थ उरतो, हा मुद्दा त्यातून कायमचा शिल्लक राहिला.

मोबाइल फोनला मोकळा वेळ असतो. सॅमसंगने घडवलेली एफटूएफएस २०१३ मध्ये लिनक्समध्ये आली. तिचा क्लीनर रोझेनब्लम-औस्टरहाउट यांचाच वंशज. सवडीने काम करताना तो वयाचा नियम लावतो, आणि जागा तातडीने हवी असेल तेव्हा वय न पाहता सर्वांत रिकामा भाग उचलतो. नेहमीच्या फेऱ्यांत तीस ते साठ सेकंदांची विश्रांती, आणि करण्यासारखे काही नसेल तर पाच मिनिटांची. अँड्रॉइडमध्ये फोन चार्जिंगला लावून निवांत पडला की सिस्टीम या क्लीनरला घाई करायला सांगते. रात्रभर चार्जिंगला लावलेल्या फोनवर हे गुपचूप उरकते. चोवीस तास राबणाऱ्या डेटाबेस सर्व्हरला ही सोय नाही.

बीटीआरएफएसची अडचण या सगळ्यांहून गुंतागुंतीची आणि, स्पष्टच सांगायचे तर, सर्वांत जास्त काळ रेंगाळलेली. ही फाइल सिस्टीम डिस्क आधी मोठ्या तुकड्यांत कापते. डेटाचा तुकडा साधारण एक जीबीचा, मेटाडेटाचा (म्हणजे फाइलींविषयीच्या नोंदींचा) वेगळा. डेटाचे तुकडे अर्धे रिकामे असले तरी मेटाडेटा त्यांत शिरू शकत नाही. सगळी डिस्क डेटाच्या तुकड्यांत वाटली गेली आणि मेटाडेटाला नवा तुकडा हवा झाला, की डीएफ भरपूर मोकळी जागा दाखवत असतानाही लिहिणे बंद. जुने न खोडता नवे लिहिणारी ही फाइल सिस्टीम असल्याने फाइल पुसायलाही थोडी जागा लागते; म्हणून पुसायला गेले तरी ‘जागा नाही’. थोडी राखीव जागा ठेवलेली असते, ती नेहमी पुरतेच असे नाही.

पूर्ण रिकामे झालेले तुकडेही परत घेतले जात नसत; ते आपोआप सुटू लागले डिसेंबर २०१४ मधल्या ३.१८ पासून. अर्धवट रिकाम्या तुकड्यांसाठी प्रशासकाने हाताने ‘बॅलन्स’ चालवायचा, हा रिवाज पडला. काही वितरणांनी तो वेळापत्रकात बसवला, आणि भरपूर स्नॅपशॉट व क्वोटा चालू असलेल्या यंत्रांवर ठरावीक दिवशी सगळे गोठू लागले. रोगापेक्षा औषध भयंकर, म्हणतात ते हे. मग कर्नलमध्येच ठरावीक टक्क्यांचा उंबरठा आला, आधी विशिष्ट प्रकारच्या डिस्कसाठी आणि ५.१९ पासून सर्वांसाठी. तुकडा अमुक टक्क्यांखाली गेला की त्यातला डेटा हलवायचा. पण ठरावीक उंबरठ्याला परिस्थिती कळत नाही. डिस्क निम्मी कोरी असतानाही तो तुकडे उचलत बसतो आणि डिस्कची झीज फुकट करतो.

मेटामधले अभियंते बोरिस बुर्कोव्ह यांची ‘डायनॅमिक रीक्लेम’ सप्टेंबर २०२४ च्या ६.११ मध्ये आली, ती हे बघून. डिस्कवर अजून न वाटलेले साधारण दहा तुकडे शिल्लक असावेत, हे तिचे लक्ष्य. तेवढे आहेत तोवर हात लावायचा नाही. शिल्लक कमी होत जाईल तसा उंबरठा वर चढवायचा. आणि सगळ्या तुकड्यांतली भोके मिळूनही एक तुकडा भरत नसेल, तर धडपड करायचीच नाही, कारण ती फुकट जाणार हे ठरलेले असते. या शेवटच्या अटीत मला खरी परिपक्वता दिसते.

ती अनुभवातून आली असावी. त्याच वर्षी बीटीआरएफएसमध्ये हे तुकडे परत घेणाऱ्या कामगारातला एक दोष दुरुस्त झाला. एखादा तुकडा हलवता आला नाही, म्हणजे त्यात चालू स्वॅप फाइल असेल किंवा हलवायला जागाच नसेल, तर कामगार त्याला पुन्हा यादीत टाकी आणि लगेच पुन्हा उचली. पुन्हा अपयश, पुन्हा यादीत. फेरी संपतच नसे, आणि त्याच थ्रेडवर अवलंबून असलेली इतर सफाईही अडे. उपाय साधा निघाला. अपयशी तुकडे वेगळ्या यादीत ठेवायचे, ही फेरी संपवायची आणि पुढच्या फेरीत बघायचे.

एसएसडीच्या तळमजल्यावर हाच खेळ पुन्हा रंगतो, कारण तिचे अंतर्गत सॉफ्टवेअरही जिवंत पाने हलवून कोरी जागा तयार करत असते. फाइल सिस्टीमने ‘हे ब्लॉक आता नकोत’ असे तिला कळवावे लागते. प्रत्येक पुसण्यासोबत लगेच कळवणे पूर्वी महाग पडे, म्हणून आठवड्यातून एकदा एकगठ्ठा कळवण्याची पद्धत रुळली. बीटीआरएफएसने ५.६ मध्ये हेही संथ गतीने मागे चालवण्याची सोय केली आणि ६.२ पासून, एसएसडीला ते झेपत असेल तर, ती आपोआप चालू होते.

एवढे सगळे पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की मागे चालणाऱ्या सफाईची खरी परीक्षा डिस्क पंचाण्णव टक्के भरलेली असताना घ्यावी. रिकाम्या डिस्कवर सगळ्याच पद्धती झकास चालतात, आणि वेगाचे बहुतेक तक्ते रिकाम्या डिस्कवरच काढलेले असतात. साचलेल्या कामाला हद्द घालणे आणि ‘जागा नाही’ म्हणण्याआधी ते उरकून पाहणे, या दोन बाबतींत एक्सएफएस आज पुढे आहे. बीटीआरएफएस उशिरा पण योग्य वाटेला लागली आहे, फक्त ६.११ मध्ये आली तेव्हा डायनॅमिक रीक्लेम मुळात बंद ठेवून दिलेली होती, ती स्वतः चालू करावी लागते.

सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी काही गोष्टी आजच करून घ्याव्यात. जुने बॅकअप पुसून लगेच नवे लिहिणाऱ्या स्क्रिप्टने डीएफच्या आकड्यावर निर्णय घेऊ नये. झेडएफएसवर ‘फ्रीइंग’ शून्यावर येऊ द्यावे, बीटीआरएफएसवर सबव्हॉल्यूम पुसल्यावर सफाई संपेपर्यंत थांबणारी ‘सबव्हॉल्यूम सिंक’ ही आज्ञा वापरावी. कोणतीही फाइल सिस्टीम असो, दहा-पंधरा टक्के जागा मोकळी सोडावी. बीटीआरएफएसवर कर्नल ६.११ किंवा त्यापुढचा असेल, तर डेटासाठी डायनॅमिक रीक्लेम चालू करावी आणि वेळापत्रकातला बॅलन्स काढून टाकावा. मेटाडेटाचा बॅलन्स तर वेळापत्रकात कधीच ठेवू नये. मेटाडेटासाठी राखलेली मोकळी जागा त्याने उलट कमी होते.